आईच्या पैठणीचा हिरवा

दिवाळीच्या साफसफाईत यंदा आमच्या कपाटामागून कागदाच्या दोन गुंडाळ्या निघाल्या. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरी कपाटामागे न तपासलेल्या उत्तरपत्रिकाच असायच्या, अशी आमच्या सौभाग्यवतींची ठाम समजूत आहे. निघाले मात्र मीच दोनदा नापास झाल्याचे पुरावे. बारा बाय अठरा इंचांचे दोन फोटो. दोन्ही माझ्या आईचे आणि दोन्ही अण्णांनी परत केलेले.

मूळ फोटो २०२३ सालचा. अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी नाशिकच्या घरी माझ्या पुतण्याने तो आपल्या मोठ्या कॅमेऱ्याने काढला. आई पाटावर बसून कुणाकडे तरी बघत हसते आहे आणि तिच्या अंगावर येवल्याची हिरवी पैठणी आहे. या पैठणीच्या खरेदीला मी हजर होतो. दुकानातल्या दिव्यांवर आईचा काडीचा विश्वास नसे. "आतला रंग दुकानदाराचा, दारातला आपला," असे ती म्हणे. येवल्याला तिने एकामागून एक सात पैठण्या दाराशी नेल्या, आणि उन्हात पदर पसरून उभे राहण्याचे काम अण्णांकडे होते. सातव्या पैठणीपर्यंत ते घामाघूम झाले होते. तेव्हा त्या हिरव्याबद्दल आमच्या घरात कुणाचा शब्द शेवटचा, हे वेगळे सांगायला नको.

२०२४ च्या श्रावणात आई गेली. शेवटचा दीड महिना दवाखान्यातच गेला. वर्षश्राद्धापूर्वी हा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावावा असे आम्ही भावंडांनी ठरवले, आणि ते काम मी उत्साहाने अंगावर घेतले. त्यात काय आहे? पेनड्राइव्ह घ्यायचा, फोटोलॅबमध्ये द्यायचा, संध्याकाळी फोटो आणायचा.

संध्याकाळी फोटो आणला. पैठणी सुकलेल्या कढीपत्त्याच्या रंगाची झाली होती. चेहऱ्यावरचे रक्त कुणी काढून घेतल्यासारखे वाटत होते. हसू तेच, पण त्याखाली राख. अण्णांनी फोटो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिला आणि पालथा करून टेबलावर ठेवला.

"ही दवाखान्यातली आहे," ते म्हणाले. "ती मी रोज पाहिली आहे. मला ती भिंतीवर नको."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये जाऊन आवाज चढवला. तेथील गृहस्थ शांत होते. "सर, फाइलच अशी आहे," म्हणत त्यांनी आपल्या पडद्यावर तो फोटो दाखवला, आणि खरोखरच तिथेही तीच राख होती! पुतण्याच्या घरच्या पडद्यावर मात्र आई ठणठणीत होती. मग मी स्वतःच वैद्य झालो. लॅपटॉपवर फोटो उघडून रंग वाढव, उजेड कमी कर, असे दोन रात्री केले. लॅपटॉपचा पडदा मी नेहमी झगझगीत ठेवतो, त्यामुळे फोटो मला अधिकच उजळ दिसत होता हे तेव्हा लक्षात आले नाही. कागदावर उतरली ती भडक पोपटी साडी, हळद लागल्यासारखा चेहरा आणि मागे तिन्हीसांजा झाल्यासारखी काळवंडलेली भिंत. अण्णा एवढेच म्हणाले, "साडी नवी घेतलीस का?"

रविवारी पुतण्या आला. त्याने फाइल उघडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "काका, चूक माझी आहे. मी कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर ठेवला होता."

ते प्रकरण मला समजायला एक तास लागला. वाचकांना तेवढा लागू नये. डिजिटल फोटोत रंग नसतातच, असतात ते आकडे. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे: तांबड्याचा, हिरव्याचा आणि निळ्याचा, प्रत्येकी शून्यापासून २५५ पर्यंत. यातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ जोडण्या होतात, म्हणजे दिवाळीच्या रांगोळीला पुरून उरतील इतक्या. पण "हिरवा २५५" म्हणजे नेमका कोणता हिरवा, हे आकडा सांगत नाही. ते सांगते फाइलीला जोडलेली एक चिठ्ठी, आणि तिलाच कलर प्रोफाइल म्हणतात.

लहानपणी इंदूरला "शिक्षा विभाग" अशी पाटी वाचून, पोरांना छड्या मारण्याचे हे सरकारी खाते असणार, अशी माझी खात्री झाली होती. अक्षरे तीच, उच्चार तोच. पण शब्द कोणत्या भाषेतला हे ठाऊक नसेल तर शिक्षणाची शिक्षा होते. आईच्या फोटोचे नेमके हेच झाले होते. तो एका भाषेत लिहिला गेला आणि दुसऱ्या भाषेत वाचला गेला. मी हे म्हणालो तेव्हा पुतण्याने प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिले.

पैकी एक भाषा एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी ती १९९६ मध्ये मांडली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. दुसरी १९९८ ची ॲडोबी आरजीबी. हिची झेप मोठी. हिरव्या आणि निळसर हिरव्या छटांत ती अधिक दूरवर पोहोचते. शब्दसंपत्ती मोठी असली की साध्या गोष्टीला वेगळा शब्द लागतो. एसआरजीबीत ज्या तांबड्याला २५५ म्हणतात, तोच तांबडा ॲडोबीत २१९ लिहिला जातो. आता हा २१९ आकडा चिठ्ठी न वाचता एसआरजीबीचा समजून छापला, तर तांबडा मंदावणारच. आणि बऱ्याच लॅबमधली यंत्रे चिठ्ठी न वाचता सारे काही एसआरजीबीच धरून चालतात. घाईच्या धंद्यात हे समजण्यासारखे आहे. आमच्या आवाज चढवण्याचे समर्थन मात्र त्यामुळे उरत नाही.

पैठणीच्या पदरावरच्या एका जागेचे आकडे पुतण्याने मला दाखवले: तांबडा ७०, हिरवा ११९, निळा ८३. तोच रंग एसआरजीबीत सांगायचा तर २०, १२०, ८०. हिरवा आणि निळा जवळजवळ जागच्या जागी. पण तांबडा ७० चा २०! म्हणजे लॅबच्या यंत्राने आईच्या हिरव्यात पन्नास मापे तांबडे फुकट कालवले होते. कढीपत्ता सुकला तो असा.

उपाय दोन ओळींचा, पण त्यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो. फोटोच्या प्रोग्रॅममध्ये "असाइन" आणि "कन्व्हर्ट" अशा दोन आज्ञा शेजारी शेजारी असतात. मी पहिली दाबली, आणि पडद्यावर आईचा चेहरा त्याच क्षणी राखेचा झाला, हुबेहूब त्या पहिल्या कागदासारखा. माझ्या पोटात धस्स झाले. पुतण्या मात्र खूश! "बघा काका, रोग सापडला." असाइन म्हणजे आकडे तसेच ठेवून वरची चिठ्ठी बदलणे, हिंदी पानावर "मराठी" असा शिक्का मारण्यासारखे. कन्व्हर्ट म्हणजे भाषांतर. आकडे बदलतात आणि अर्थ राहतो. आपण कन्व्हर्ट केले तर पडद्यावर काहीच घडल्यासारखे दिसत नाही. आईही तशीच हसत राहिली.

हा घोळ मोठ्या कॅमेऱ्यांपुरता नाही. २०१६ पासूनचे आयफोन डिस्प्ले पी३ नावाच्या तिसऱ्याच भाषेत फोटो लिहू शकतात. तेव्हा लॅबला आधी दोन प्रश्न विचारावेत: फाइल कोणत्या प्रोफाइलची हवी, आणि यंत्राची आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवता येईल का? लॅबमध्ये कागदावर प्रकाश पाडून फोटो उमटवतात, म्हणून तिथे आरजीबी चालते. हा दिवाळी अंक छापायला चार शाया लागतात. ते व्याकरण निराळे आणि त्याचे हाल संपादकांना विचारावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. तो खोलीतल्या उजेडावर जगतो. पुतण्याने एक छोटे यंत्र पडद्याला टेकवून त्याचे रंग मोजले, पडदा पुष्कळ मंद केला आणि लॅबने दिलेले कागदाचे प्रोफाइल लावून, कागदावर काय उतरेल ते आधीच दाखवले. पदराच्या घडीतला सर्वांत गर्द हिरवा तिथे थोडा बसका झाला. "एवढा कागदाला झेपत नाही," तो म्हणाला. हे प्रोफाइल नुसते पाहण्यासाठी. लॅबला द्यायची फाइल एसआरजीबीचीच.

मग मोठा कागद वाया न घालवता चार बाय सहाचा एक फोटो आधी छापला. त्याला चहाच्या दोन कपांएवढे पैसे पडले. ही अक्कल पहिल्या दिवशी सुचली असती तर कपाटामागे जागा राहिली असती.

तो लहान फोटो मी रात्री अण्णांपुढे ठेवला. त्यांनी तो घेतला, पण पाहिला नाही. "आत्ता नको, सकाळी," म्हणाले आणि पंचांगात ठेवून दिला.

सकाळी मी उठलो तेव्हा ते अंगणाच्या दारात उभे होते, चपला न घालता. फोटो दोन्ही हातांनी उन्हात धरला होता, येवल्याला पदर धरला होता तसाच. थोडा तिरका करीत, पुन्हा सरळ करीत. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"घडीत जरा जास्त गर्द होता," ते म्हणाले.

"तेवढं कागदावर येत नाही, अण्णा."

"नसेल येत." त्यांनी अंगठ्याने फोटोची कड पुसली. "मोठा कर. आणि त्या ट्यूबलाइटखाली लावू नकोस, खिडकीसमोर लाव."

"खिडकीसमोर ऊन येतं. रंग उडेल हळूहळू."

"मग शेजारच्या भिंतीवर. पण दिवसाउजेडी दिसली पाहिजे."

खिळा मीच ठोकला. पहिला वाकला.