लेझरने केस ‘कायमचे’ जातात का?

लग्नसराई जवळ आली की लेझरच्या जाहिरातींना ऊत येतो. ‘सहा सिटिंगमध्ये केसांपासून कायमची सुटका’, ‘अजिबात दुखत नाही’, ‘शंभर टक्के सुरक्षित’ अशा शब्दांत पॅकेज विकली जातात. सगळे पैसे आधी भरले तर सवलतही मिळते. या तीन दाव्यांपैकी एकही जसाच्या तसा खरा नाही. याचा अर्थ लेझर निरुपयोगी आहे, असा मात्र नाही. योग्य व्यक्तीवर, योग्य यंत्राने आणि प्रशिक्षित हातांनी केल्यास हा चांगला उपचार आहे. पण तो उपचार आहे, फेशियल नव्हे, याचाच विसर पडत चालला आहे.

या उपचारामागचे तत्त्व अमेरिकेतील अँडरसन आणि पॅरिश या डॉक्टरांनी 1983 मध्ये मांडले. केसात मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य असते. ते लेझरचा प्रकाश शोषून तापते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ निकामी होते. लेझरच्या मर्यादाही यातूनच समजतात. पांढऱ्या, पिकलेल्या किंवा सोनेरी केसांत पुरेसे रंगद्रव्य नसल्याने त्यांच्यावर लेझर चालत नाही. बारीक, फिकट लवेवरही परिणाम कमीच होतो. काळ्या, जाड केसांवर तो सर्वात चांगला दिसतो.

दुसरी मर्यादा केसांच्या वाढीच्या चक्राची आहे. एका वेळी काही केसच वाढीच्या अवस्थेत असतात, बाकीचे विश्रांती घेत असतात. लेझरचा खरा परिणाम वाढत्या केसांवर होतो. म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ सिटिंग लागतात आणि पुढेही अधूनमधून एखादे घ्यावे लागते. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन (एफडीए) लेझर उत्पादकांना ‘केसांचे कायमस्वरूपी निर्मूलन’ असा दावा करू देत नाही, ‘केसांच्या संख्येत कायमस्वरूपी घट’ एवढाच दावा करू देते. दोन्ही वाक्यांत मोठे अंतर आहे आणि आपल्याकडच्या जाहिराती नेमके तेच गाळतात.

भारतीय त्वचेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपल्या त्वचेतही मेलॅनिन भरपूर असते. लेझरला केस आणि त्वचा असा भेद कळत नाही, त्याला फक्त रंगद्रव्य दिसते. चुकीची तरंगलांबी किंवा जास्त ऊर्जा वापरली, तर त्वचाच भाजते. फोड येतात, नंतर काळे किंवा पांढरे डाग राहतात आणि ते जायला अनेक महिने लागतात. सावळ्या त्वचेसाठी 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित मानला जातो, कारण तो खोल जातो आणि वरच्या थरात कमी शोषला जातो. डायोड लेझरही योग्य मात्रेत चालतो. पण मात्रा ठरवणे हे बटण दाबण्याचे काम नाही. त्यासाठी त्वचेचा प्रकार, उन्हाने आलेला काळेपणा आणि चालू असलेली औषधे पाहावी लागतात.

चेहऱ्यावरच्या केसांबाबत तर आधी कारण शोधायला हवे. हनुवटी आणि जबड्यावर राठ केस, अनियमित पाळी, वाढते वजन, मुरुमे हे सगळे एकत्र दिसले, तर पीसीओएसची शक्यता असते. केस झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर क्वचित अंडाशयाची किंवा अधिवृक्क ग्रंथीची गाठही असू शकते. अशा मुलीला पॅकेज विकून घरी पाठवणे म्हणजे निदान लांबवणे. संप्रेरकांचा बिघाड तसाच राहिला, तर नवे केस येतच राहतात आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. काही जणींच्या जबड्यावर आणि मानेवर लेझरनंतर उलट केस वाढतात. हा दुष्परिणाम सावळ्या त्वचेत आणि संप्रेरकांचा बिघाड असलेल्यांत अधिक दिसतो. त्याची कल्पना आधीच द्यायला हवी.

‘दुखत नाही’ या दाव्याचीही एक गंभीर बाजू आहे. एफडीएने 2007 मध्ये बधिर करणाऱ्या मलमांबाबत इशारा दिला होता. लेझरसाठी 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणींनी पायांवर असे मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळले होते. औषध रक्तात उतरून त्यांना झटके आले, त्या कोमात गेल्या आणि दोघींचाही मृत्यू झाला. असे मलम मोठ्या भागावर, डॉक्टरांना न विचारता कधीही लावू नये.

एक भीती मात्र मनातून काढून टाकावी. या लेझरचा प्रकाश क्ष-किरणांसारखा नसतो. त्याने कर्करोग होतो, याला पुरावा नाही.

मग सामान्य माणसाने काय करावे? लेझर कोण करणार आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे आधी विचारावे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते. यंत्र कोणते, ते विचारावे. आयपीएल हा लेझर नाही आणि सावळ्या त्वचेत त्याने भाजण्याचा धोका अधिक असतो. आधी छोट्या भागावर चाचणी करून घ्यावी. महिनाभर वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग टाळावे, रेझर चालतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, भुवयांच्या खाली लेझर करूच नये. तीळ आणि गोंदण टाळावे. उपचारानंतर उन्हात जाणे कमी करून सनस्क्रीन लावावे. लग्न महिनाभरावर आले असताना पहिले सिटिंग घेऊ नये.

ही सगळी सावधगिरी एकट्या ग्राहकावर टाकून मात्र चालणार नाही. त्वचा भाजू शकणारे यंत्र कोणी हाताळावे, जाहिरातीत काय लिहावे आणि इजा झाल्यास जबाबदार कोण, याचे नियम स्पष्ट हवेत आणि त्यांची तपासणीही व्हायला हवी. अंगावर केस असणे हा आजार नाही. ज्यांना ते नको असतील, त्यांना सुरक्षित उपचार आणि खरी माहिती मिळायलाच हवी.