टीझरला भुलू नका

भाचीच्या लग्नासाठी व्हिडिओवाला ठरवायची बैठक या आठवड्यात झाली. येईल तो मोबाइलवर टीझर दाखवी. त्यात ड्रोन, रंगीत धूर, स्लो मोशनमध्ये उडणारा शालू आणि वर हिंदी गाणं. नवरी बदलली तरी गाणं तेच! माझं मत सरळ आहे, टीझर पाहून माणूस ठरवू नये. एका अख्ख्या लग्नाचं चित्रण मागावं आणि चक्क डोळे मिटून ऐकावं. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्याचा आवाज येतो, की नुसता ताशा? अंतरपाट दूर होण्याचा क्षण बघता बघता निसटतो. कॅमेरा एकच असेल तर नवरा तरी हुकतो नाहीतर नवरी, आणि अक्षता टाकायला पुढे सरसावलेल्या मामांची पाठ तेवढी कायमची जमा होते. नव्वदच्या दशकातल्या व्हीएचएस कॅसेटींत बदामाच्या चौकटी असत, मान्य. पण पंगतीत जिलबीचा आग्रह करणारे आजोबाही असत, तेही पूर्ण वाक्यासकट. तेव्हा मंडळी, ड्रोनचे पैसे वाचवा, त्यात दुसरा कॅमेरा घ्या, भटजींच्या उपरण्याला माइक लावायला सांगा आणि न कापलेलं सगळं चित्रण हार्डडिस्कवर मिळेल, हे अॅडव्हान्सच्या पावतीवरच लिहून घ्या.