विमानवाल्यांचा संप आणि आपली फळी

विमान आपल्या डोक्यावरून जातं, आपल्या गावात उतरत नाही. मग वैमानिकांच्या संपाचं आपल्याला काय? गेल्या बैठकीत हा प्रश्न आला. त्यांचा एका महिन्याचा पगार आपल्या घरात वर्षातसुद्धा येत नाही, हे खरंच आहे. पण त्यांचा संप मोडला कसा, हे तेंदूचा हंगाम तोंडावर असताना ऐकून घ्या.

१९८९ साली ऑस्ट्रेलियात वैमानिकांनी जवळपास ३० टक्के पगारवाढ मागितली. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ एवढंच विमान चालवू, असं ठरवलं. कंपन्या उलटल्या, तेव्हा दीड हजारावर वैमानिकांनी एकदम राजीनामे दिले. पंतप्रधान होते बॉब हॉक. हा माणूस आधी त्या देशातल्या कामगार महासंघाचा अध्यक्ष होता! त्यानेच हवाई दलाची विमानं प्रवाशांसाठी लावली. कंपन्यांनी परदेशातून वैमानिक आणले. बाकीचे कामगार फारसे मदतीला आले नाहीत. पगारवाढीचा करार महासंघाने सरकारबरोबर केलेला, आणि वैमानिक महासंघाच्या बाहेर. आपलं आपण बघू, असं त्यांचं चाललेलं. संप मोडला. पुष्कळांना जुनी नोकरी परत मिळालीच नाही.

२००१ साली हाँगकाँगला कॅथे पॅसिफिक कंपनीने भांडण चालू असताना ४९ वैमानिक काढले. या वेळी जगभरच्या वैमानिक संघटनांनी सांगितलं, त्या कंपनीत कोणी नव्याने भरती व्हायचं नाही. सगळ्यांनी पाळलं असं नाही. पण कोर्टात टिकून राहिलेले १८ जण २०१२ला शेवटच्या कोर्टात जिंकले. अकरा वर्षं लागली.

मागच्या हंगामात भाव ठरेपर्यंत पानं तोडायची नाहीत म्हणून आपण बसलो. ठेकेदाराने तिसऱ्याच दिवशी पलीकडच्या तालुक्यातून ट्रॅक्टर भरून माणसं आणली. आपण त्यांना शिव्या दिल्या. ती पण आपल्यासारखीच, घरात दाणा नसलेली. आदल्या वर्षी त्यांच्या शेतात चर खोदून रोपं लावली, तेव्हा ती मोर्चाला बोलवत होती. आपल्यातलं कोण गेलं होतं? आम्हीही गेलो नव्हतो, हे लिहायला लाज वाटते.

येत्या रविवारी आम्ही त्यांच्या बाजाराला जाणार आहोत. फळी लागायच्या आधी बोलणं झालं पाहिजे. प्रत्येक गावाने एक बाई, एक बाप्या द्यावा. शिदोरी आपापली आणावी.