आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे काय, ते रिपोर्टवरच छापा

मा. संचालक,
राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही), पुणे



पावसाळा सरत आला की डेंग्यूच्या तपासणीचा लॅबचा एक कागद घरोघरी येतो. त्यावर तीन ओळी असतात: एनएस-१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. शेवटचा शब्द तेवढा ठळक. ताप उतरून आठवडा झाला असला तरी घराची झोप उडते. पपईच्या पानांचा रस निघतो, प्लेटलेट मोजायला रोज सुई टोचली जाते. हा घोर टाळता येईल, आणि ते काम तुमची संस्था करू शकते, म्हणून हे खुले पत्र.

एनएस-१ हे विषाणूचेच प्रथिन. ते तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत सापडते. आयजीएम ही प्रतिपिंडे चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात आणि साधारण दोन-तीन महिने टिकतात. आयजीजी मागाहून येतात आणि वर्षानुवर्षे, बहुधा जन्मभर राहतात. त्यामुळे नुसती आयजीजी पॉझिटिव्ह असेल, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ डेंग्यू पूर्वी कधीतरी होऊन गेला, एवढाच. अनेकांना तो झाल्याचे कळतही नाही. २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत ५ ते ४५ वयोगटाची पाहणी झाली, तेव्हा ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यूच्या आयजीजी सापडल्या.

पण म्हणून आयजीजीचा निकाल दुर्लक्षून चालत नाही. अंगात ताप असताना आयजीजी झपाट्याने वाढत असेल, तर तो दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू असू शकतो; अशा वेळी आयजीएम कधी कधी निगेटिव्हही येते. दहा-चौदा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ दिसली, की संसर्ग ताजा ठरतो. शिवाय झिका किंवा जपानी मेंदूज्वर होऊन गेलेल्यांतही ही चाचणी फसू शकते. आणि ‘एकदा झाला, आता भीती नाही’ हा समज तर घातकच. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे; एका प्रकारानंतर दुसऱ्याची लागण झाली, तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो.

पूर्वीचा संसर्ग ओळखणे किती मोलाचे, हे फिलिपिन्सने भोगले. तिथे २०१६ मध्ये शाळकरी मुलांना डेंग्यूची लस द्यायला सुरुवात झाली. आठ लाखांहून अधिक मुलांना ती दिल्यावर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की, आधी डेंग्यू न झालेल्यांना पुढे गंभीर आजाराचा धोका वाढतो. मोहीम थांबली. त्या लसीआधी रक्ततपासणी करा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले.

तुमच्या संस्थेत तयार झालेली आयजीएम एलायझा किट देशभरच्या सरकारी केंद्रांत वापरली जातात. तुमच्या शब्दाला लॅबमध्येही वजन आहे आणि मंत्रालयातही. म्हणून विनंती, की प्रत्येक डेंग्यू रिपोर्टखाली छापता येईल असा मजकूर सोप्या मराठीत तयार करावा: तापाच्या कितव्या दिवशी रक्त घेतले, कोणती चाचणी कशासाठी, नुसत्या आयजीजीचा अर्थ काय, आणि पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव यांपैकी काही दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तो छापणे बंधनकारक करण्याची शिफारस राज्याच्या आरोग्य विभागाकडे करावी. पुढच्या पावसाळ्याआधी एवढे झाले, तर निष्कारण घाबरणारे सावरतील आणि खरोखर धोक्यात असलेले वेळेत दवाखान्यात पोहोचतील.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नागरिक