आधी विचारा, फोटो परत सुटा होईल का?

आमच्या घरात आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, एकच फोटो आहे. तोही एकटीचा नाही. आजोबा खुर्चीत बसलेत आणि शेजारी उभ्या असलेल्या आजीचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे. ब्लॅक अँड व्हाइट, कराडच्या एका स्टुडिओत लग्नानंतर काढलेला. पन्नासेक वर्षं तो गावच्या भिंतीवर होता. गेल्या पावसाळ्यानंतर आईने तो पुण्याला आणला तेव्हा आजीच्या पदरापाशी ओलसर, चकचकीत डाग पडला होता. आई म्हणाली, "तू इंजिनियर आहेस ना, याचं काहीतरी कर."

इंजिनियरने अर्थातच मोबाइल काढला. काचेवरूनच फोटो घेतला, एका फ्रेमिंगच्या ॲपवर टाकला, काळी पट्टी निवडली, पैसे भरले. चार दिवसांनी खोकं आलं. फ्रेम सुरेख होती, फक्त आजीचा हात नव्हता. मूळ फोटो त्यांच्या ठरावीक साइजमध्ये बसत नव्हता, म्हणून ॲपने कडा आपोआप कापल्या. प्रीव्ह्यूमध्ये मला भिंत दिसली होती, सोफा दिसला होता, कोपऱ्यातली कुंडी दिसली होती. हात नाही हे दिसलं नव्हतं. आजीने चारचौघांत आजोबांच्या इतक्या जवळ हात ठेवला असेल तो बहुधा तेवढाच.

त्या कंपनीला शिव्या घालायला मला तोंड नाही, कारण मी स्वतः असेच फॉर्म बनवतो. आमच्या मीटिंगमध्ये एक वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं: एक प्रश्न कमी करता येईल का? प्रत्येक प्रश्नापाशी थोडे ग्राहक गळतात, म्हणून आम्ही प्रश्न काढून टाकतो आणि त्या जागी आमचं उत्तर आधीच भरून ठेवतो. पिझ्झा मागवताना हे ठीक आहे. फ्रेमिंगमध्ये मात्र प्रश्न विचारणं हेच अर्धं काम आहे.

आता तुम्हाला वाटेल, हा 'लोकल दुकानांना जगवा' म्हणणार. नाही म्हणणार. तो डाग ॲपने पाडलेला नव्हता. कधीकाळी कुठल्यातरी जवळच्याच दुकानात फोटो थेट काचेला टेकवून बसवला होता. जुन्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यातल्या ओलाव्याने तो फुगतो, मऊ होतो आणि काचेला चिकटतो. दुकान घराजवळ आहे, मालक काका-मामा म्हणतो, गणपतीला वर्गणी देतो, यातल्या कशानेही फोटो वाचत नाही.

मीही पहिल्यांदा घराजवळच्याच दुकानात गेलो. उत्तर आलं, "ठेवून जा, संध्याकाळी न्या." इतकी घाई ऐकून मी फोटो उचलला. पेठेतल्या दुसऱ्या दुकानातल्या काकांनी फ्रेम आधी उलटी केली. मागचा पुठ्ठा पाहिला, मग उजेडात तिरकी धरून काच पाहिली.

"मूळ फोटो हाच? दुसरी प्रत?"

"नाही."

"मग काच काढायची नाही. ओढला तर आजींचा पदर काचेवर राहील आणि कागद तुमच्या हातात. काचेसकट चांगल्या कॅमेऱ्याने कॉपी करून आणा. ती प्रिंट मी फ्रेम करतो. याचा फक्त मागचा पुठ्ठा बदलू."

समोर आलेलं अर्धं काम त्या माणसाने स्वतःहून नाकारलं. मला माझा फ्रेमवाला तिथे सापडला.

तुम्ही दुकान शोधाल तेव्हा पट्ट्यांचे नमुने नंतर बघा. आधी विचारा, फोटो कशाने बसवणार? "मागे गोंद लावून पुठ्ठ्यावर चिकटवतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. आमच्या धंद्यात रोलबॅकची सोय नसलेला बदल कोणी लाइव्ह करत नाही. चिकटवलेल्या फोटोला रोलबॅक नाही. तो नुसत्या कोपऱ्यांवर धरलेला असावा, उद्या जसाच्या तसा सुटा होईल असा. मग विचारा, काच आणि फोटोमध्ये जागा कशी ठेवणार? भोवतीचा माउंट शोभेसाठी असतो तसा या अंतरासाठीही असतो. तिसरं, माउंट आणि मागचा पुठ्ठा ॲसिड-फ्री आहे का? साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लामुळे त्याला टेकलेला कागद काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो. आणि फ्रेम घरी आली की उन्हाच्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका, इथे फ्रेमवालासुद्धा काही करू शकत नाही.

एवढा वेळ कोणाला आहे, हा आक्षेप खरा आहे. मला दोन शनिवार लागले आणि ॲपपेक्षा पैसेही जास्त गेले. पोस्टर असेल, ट्रिपचा फोटो असेल तर खुशाल ऑनलाइन मागवा, मीही मागवतो. छापील चित्रं घरोघर जाणं काही नवं नाही. 1894 मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि एकसारख्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर आल्या. त्यातली एक खराब झाली तर दुसरी आणता येत होती. आजीची दुसरी प्रत कुठे मिळणार? आणि अशी ती एकटीच नाही. कितीतरी घरांत बाई गेल्यावर तेराव्याच्या आत आधार कार्डावरचा किंवा कुणाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोतला चेहरा मोठा करून आणावा लागतो, कारण तिचा एकटीचा फोटो कधी कोणी काढलेलाच नसतो. तो एकमेव कागद कोणाच्या हातात द्यायचा, हे ठरवायला दोन शनिवार जास्त नाहीत.

न्यायला गेलो तेव्हा दोन्ही फ्रेम कागदात बांधून तयार होत्या. काकांनी पेन्सिल काढली. "मागच्या चिठ्ठीवर नावं लिहायचीत. पुढच्यांना कळत नाही कोण होतं ते. आजींचं नाव काय?"

मी नाव सांगितलं.

"हे सासरचं असेल. माहेरचं?"

मला माहीत नव्हतं. दुकानातूनच आईला फोन लावला. ती क्षणभर गप्प राहिली, मग तिने नाव सांगितलं. एकोणतीस वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. काकांनी दोन्ही नावं लिहिली.

ॲपच्या फॉर्ममध्ये हा रकाना नव्हता. तो फॉर्म मी बनवला असता, तरी नसता.