चाकांवरचं घर तलावाकाठी नको

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अमेरिकेत लोक अटलांटिकच्या काठाने घरासारख्या गाडीतून हिंडतात, मग आपण का नको? जरूर हिंडा. पण तिथे सहल आखताना आधी रात्रीचा तळ ठरतो: विजेची, पाण्याची जोडणी कुठे आहे, गाडीतला मैला कुठे रिकामा करता येतो. समुद्र नंतर.

आपल्याकडे आधी बोट जातं ते तळ्यावर. तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा म्हणजे नागझिऱ्याचं एक प्रवेशद्वार. जंगल, गाव आणि तलाव एकमेकांजवळ. असल्या काठावर गाडी लावली की फोटो झकास येतो. तिच्या टाकीतलं सांडपाणी कुठे सोडणार, हे फोटोत दिसत नाही. गोंदियातले तलाव धानाला पाणी देतात, त्यांत मासेमारी चालते, उन्हाळ्यात जनावरं तिथेच येतात, गावची आणि रानातलीही. शिवाय रात्री एसी चालवायला जनरेटर! नागझिऱ्याच्या आतल्या विश्रामगृहांची ख्यातीच मुळी तिथे वीज नसण्याची.

आणि रोजगार? चाकांवरचं घर बिछाना, चूल, शिधा सगळं बरोबर आणतं. गावाला उरतो कचरा. त्यापेक्षा गाडी गोंदियात किंवा तिरोड्यात ठेवा, चोरखमाऱ्यात कुणाच्या घरी पैसे देऊन जेवा, झोपा. ज्याला गाडीतच झोपायचं आहे, त्याच्यासाठी मैल्याची सोय असलेला तळ आधी तिरोड्यात बांधा. तो होईपर्यंत तलावाकाठी एकाही गाडीला परवानगी देऊ नका.