धोक्याच्या वेळी विश्वासाने कसे वागावे?

संकट दारात आले की ख्रिस्ती मंडळीत दोन सूर उमटतात. प्रभू राखणारा आहे, मग भ्यायचे कशाला, असा एक. जीव राहिला तर सेवा घडेल, असा दुसरा. कोरोनाच्या साथीमुळे 2020 च्या ईस्टरला महाराष्ट्रातली चर्च बंद राहिली, तेव्हा अनेक घरांत हा वाद झाला. दोन्ही बाजूंना पवित्र शास्त्रात आधार सापडतो, म्हणून तो शांतपणे तोलायला हवा.

पौलाकडे पाहा. दिमिष्कात त्याला मारण्याचा कट शिजला, तेव्हा शिष्यांनी रात्री त्याला टोपलीत बसवून तटावरून खाली सोडले आणि तो निघून गेला. पुढे यरुशलेमेच्या वाटेवर अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाच्याच कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून पुढे काय वाढून ठेवले आहे ते दाखवले. सोबती रडले, तरी पौल थांबला नाही. तिथल्या गरिबांसाठी मंडळ्यांनी दिलेली मदत त्याला पोचवायची होती. तिथे अटकेत असताना चाळीसहून अधिक माणसांनी त्याच्या खुनाची शपथ वाहिल्याची खबर भाच्याने आणली. पौलाने त्याला लगेच रोमी सरदाराकडे पाठवले. धोका पत्करल्यावरही त्याने सावधगिरी सोडली नाही.

1527 मध्ये विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येनाला हलले, पण मार्टिन लूथर गावातच राहिले आणि आजाऱ्यांना त्यांनी आपल्या घरात घेतले. तरीही त्याच सुमारास लिहिलेल्या पत्रात त्यांनी गाव सोडणाऱ्यांना सरसकट दोष दिला नाही. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही, त्याने खुशाल जावे; पाळक, अधिकारी आणि आजाऱ्याचा शेजारी यांनी मात्र आपल्या जागी कोणी उभे राहिल्याशिवाय हलू नये. औषध नाकारून बेफिकीर हिंडणाऱ्यांना तर त्यांनी खडसावले. अशांच्या हलगर्जीपणाने दुसरा दगावला, तर ते त्यांना खुनासारखेच वाटे.

सावधपणाच्या आडून भित्रेपणा शिरतो, ही पहिल्या बाजूची शंका खरी आहे. काळजीचे कारण सांगून एकट्या म्हाताऱ्या सभासदाकडे महिनोन् महिने कोणी फिरकत नाही, असे घडते. पण श्रद्धेच्या जोरावर साथीत गर्दी जमवणारा शेजाऱ्याचा जीव पणाला लावतो, हेही तितकेच खरे. मंदिराच्या शिखरावरून उडी मारून देवाची परीक्षा पाहायला खुद्द येशूने नकार दिला होता.

म्हणून आमच्या मते, मी भितो की नाही यापेक्षा तीन गोष्टी आधी पाहाव्यात: माझ्या राहण्याने कोणाचे भले होणार, माझ्या जाण्याने कोण उघड्यावर पडणार आणि माझ्या निर्णयाची किंमत कोण मोजणार. आजाऱ्यांना कोण भेटेल, भेटणारा आजारी पडल्यास कोण पुढे येईल, कोणती खबरदारी घ्यायची, हे मंडळीच्या कमिटीने संकटाआधीच ठरवावे. स्वतःचा जीव प्रभूच्या हवाली करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याचा जीव परस्पर पणाला लावण्याचा हक्क कोणालाही नाही.